आठजण येणार होते

आमच्या घरात आकाशाचे दोन मालक होते, माझे बाबा आणि माझी आत्या. बाबा अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे वरचा सगळा कारभार आपल्याकडेच आहे असा त्यांचा थाट असे. आत्या त्यांची धाकटी बहीण. आजी-आजोबा लवकर गेले म्हणून लग्न होईपर्यंत ती राजापेठेत आमच्याकडेच राहिली. शाळेत तिचं मन कधी रमलं नाही, पण चांदण्यांवरचा हक्क तिनं सोडला नाही.

उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या घातल्या की दोघांची जुंपायची. आत्या बोट दाखवून मला सांगायची, "ते पाय, बाजलं. आन् बाजल्याच्या मांगं तीन चोर." बाबा लगेच म्हणायचे, "बाजलं नाई, सप्तर्षी." पश्चिमेला शुक्र दिसला की ती त्याला चांदणी म्हणायची आणि बाबांना ते सहन व्हायचं नाही. "चांदणी म्हंजे तारा. तारा सोताच्या आगीनं जळते. हा ग्रह हाये, सूर्याच्या उजेडावर मिरवते."

"मंग घरजावई म्हन ना त्याले, दादा," आत्या म्हणायची.

बाबांची शिकवण ठरलेली होती. आधी प्रकार ओळखायचा, मग नाव विचारायचं. गावात लोक नाव विचारून माणसाची जात काढायचे. बाबा आकाशात आधी जात काढून मग नावाकडे वळायचे. स्वतः जळतो तो तारा, ताऱ्याभोवती फिरतो तो ग्रह, ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह, शेपूट घेऊन येतो तो धूमकेतू आणि जळत खाली पडते ती उल्का. ताऱ्यांना जुन्या लोकांनी ऋषींची आणि त्यांच्या बायकांची नावं दिली, ग्रहांना देवांची दिली. धूमकेतूंच्या नावांचं मात्र वेगळंच असतं, असं ते म्हणायचे, पण तिथपर्यंत येईतो मला झोप लागलेली असायची. उल्का पडताना दिसली की आत्या तोंड फिरवायची आणि मला दटावायची, "पायलं म्हून कोनाले सांगू नोको." बाबा हसायचे. त्या वेळी आम्ही सगळेच हसायचो.

साठ साली आत्याचं लग्न झालं. अकोल्यात मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरात तिचं सासर होतं. काळ्या जमिनीची शेती, कापूस, बैल, सगळं व्यवस्थित. लग्नात तिचं नाव बदललं. तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव काढलं, बायकांनी ते कौतुकानं वाचलं आणि मग ते तांदूळ कुणीतरी सारखे करून आत नेले. जुनं नाव त्या दिवसापासून फक्त आमच्या घरात उरलं. बाबा तिला त्याच नावानं हाक मारत. ते मला म्हणाले, एकाच ग्रहाला निरनिराळे लोक निरनिराळी नावं देतात, त्यानं ग्रहाला काही फरक पडत नाही. आत्याला पडला की नाही हे कोणी विचारलं नाही.

एकसष्ट सरून बासष्ट लागलं त्या हिवाळ्यात आत्याला दिवस गेलेले होते. पहिलंच बाळंतपण. आणि त्याच हिवाळ्यात अष्टग्रहीची हवा उठली. पौषातल्या अमावास्येच्या सुमाराला मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, असं पंचांगात होतं. जग बुडणार, जळणार की फुटणार, एवढाच काय तो मतभेद शिल्लक होता. चौकाचौकांत होम सुरू झाले. लाउडस्पीकरवर सकाळपासून जप चालायचा, आणि तो थांबला की शांततेचीच भीती वाटायची. बाहेरगावी नोकरीला असलेले लोक, मरायचंच तर आपल्या घरी मरू म्हणून, गाड्यांना लटकून परत येत होते. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

बाबांना मात्र ऊत आला होता. ते शाळेत, वाचनालयात, जिथे बोलावतील तिथे फळ्यावर आठ गोळे काढून भाषण द्यायचे. "हे आठ ग्रह म्हणता? यातला सूर्य तारा आहे. चंद्र उपग्रह आहे. उरले सहा. त्यातले पाच खरे ग्रह. आणि हा आठवा, केतू, हा तर नाहीच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, त्या जागेला आपण केतू म्हणतो. नुसती जागा आहे ती. जागा कोणाला मारत नाही." एवढं बोलून ते आठवा गोळा फडक्यानं पुसून टाकायचे. लोक हसून टाळ्या वाजवायचे आणि तिथून उठून थेट होमाला जायचे.

मी एकदा विचारलं होतं की ते सगळे आपल्याला कधी दिसतील. बाबा म्हणाले, दिसणार नाहीत, कारण सगळे सूर्याच्या आसपास आहेत. म्हणजे ते दिवसा वर असणार होते, उन्हात लपून, आणि आपल्याला कळणारही नव्हतं. बाबांनी हे मला धीर यावा म्हणून सांगितलं होतं. मी त्यानंतर उन्हात अंगणात जायलाही घाबरू लागले.

आत्याच्या सासरी तर त्या गोष्टीचं नाव घ्यायचीही चोरी होती. दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. त्याच न्यायानं तिच्या सासूनं अष्टग्रही हा शब्द घरात बंद केला होता. तिथे सगळे 'आठजण' म्हणायचे. आठजण येतीन तवा दार लावजो. आठजण गेले की दळन काढू. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात पाहुणे यायचे आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्याप्रमाणे बाबा संक्रांतीनंतर तिला आणायला अकोल्याला गेले. सासूनं चहा दिला, पोहे दिले आणि सांगितलं, "आता नाई भाऊ. वाटेत आठजण गाठतीन. ते जाऊ द्या, मंग खुशाल न्या."

अर्ध्या अमरावतीशी वाद घालणारा माणूस तिथे गप्प बसला. बहिणीच्या सासरी भावानं आवाज चढवायचा नसतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं, पण त्यांना पक्कं माहीत होतं. परत येऊन ते आईला म्हणाले, "तीन दिवसांचा प्रश्न आहे. कशाला वाद?" आई फार बोलणारी नव्हती. "मग मी जाते तिच्याजवळ," एवढंच तिनं सांगितलं. मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून मीही गेले.

आता इथे जी चूक झाली ती फक्त आमच्याच लोकांना करता येईल अशी होती. ग्रहणात पोटुशी बाईनं काय पाळायचं हे घरोघरी ठाऊक असतं. अंधाऱ्या खोलीत सरळ पडून राहायचं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाय दुमडायचा नाही, अन्नपाणी घ्यायचं नाही. नाहीतर लेकराच्या अंगात खोट येते. हे दोन-तीन तासांचं काम असतं. ग्रहण सुटलं की आंघोळ करून बाई मोकळी. पण आठ ग्रहांचा मुक्काम तीन दिवसांचा, आणि त्याचा काही नियम कोणाच्या आज्या-पणज्यांनी सांगून ठेवलेला नव्हता. पंचांग सांगणाऱ्या जोश्यानं जप सांगितला, दान सांगितलं. पोटुशीचं त्याला कोणी विचारलं नाही. सासूला तर नियम पाहिजे होता. तिनं विचार केला, की जिथे केतू तिथे गिराण, आणि केतू आठजणांत आहेच. झालं. तिनं ग्रहणाचा नियम उचलला आणि तीन दिवसांना लावला.

ती वाईट बाई नव्हती, हे मला नाइलाजानं लिहावं लागतं आहे. त्या लेकराची वाट तिच्याइतकी कोणीच पाहत नव्हतं. तिनं स्वतःहून सूटही दिली होती. सूर्य बुडाला की वाटीभर दूध घ्यायचं आणि पाय मोकळे करायचे, पुन्हा उजाडायच्या आत आडवं व्हायचं. सुपात ज्वारी काढून तिनं दाराशी ठेवली होती, पण ग्रहणाचं दान मागायला पूर्वी जे यायचे त्यांनी छप्पन सालच्या धर्मांतरानंतर ते काम सोडून दिलं होतं. ज्वारी तशीच पडून राहिली आणि सासूला त्याचीही धास्ती वाटू लागली.

आत्याला ज्या खोलीत निजवलं तिच्या शेजारच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. खिडकीला गोधडी ठोकली होती. आत सरकीचा कोंदट वास, आणि त्या अंधारात आत्या हात-पाय सरळ करून पडलेली. पहिल्या दिवशी तिनं माझी थट्टा केली. "दादानं आठवा पुसून टाकला ना फळ्यावरून? मंग सातच येतीन. एकाचं जेवन वाचलं." मी हसले. तिनं मला कानात विचारलं, बाहेर काही दिसून राहिलं का. मी सांगितलं, काही नाही, नुसतं ऊन आहे.

दुसऱ्या दिवशी ती फारशी बोलली नाही. तिच्या ओठांच्या साली निघाल्या होत्या. आई चोरून ओल्या फडक्यानं ते पुसायची, आणि सासूची चाहूल लागली की फडकं पदरात लपवायची. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बैलसुद्धा गोठ्यात बांधून ठेवले होते, त्यांना बाहेर काढलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याजवळ बसले होते. आई आत आली तेव्हा आत्या अगदी हळू म्हणाली, "वयनी, हालून नाई राहिलं."

"केव्हापासून?"

"सकायपासून. मले वाटलं झोपलं असीन."

आईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच बराच वेळ ठेवला. मग ती बाहेर जाऊन म्हणाली, डॉक्टरीणबाईला आणायला पाहिजे. सासू म्हणाली, "दिवस बुडू द्या. आता हालवली तं दोघंही जातीन." आत्याचा नवरा ओसरीवर उभा होता. तो आईकडे पाहत होता आणि सासूकडे पाहत होता आणि शेवटी त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. टांगे बंद होते. आईनं चपला घातल्या, माझा हात धरला आणि ती चालू लागली. आईला कोणाच्या तोंडावर असं उठून जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मागून सासू ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "पोरीले तरी ठेवून जा वं."

मोर्णेच्या पुलावर ऊन होतं आणि माणूस नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई गावाला गेलेल्या. एकच तरुण नर्सबाई हजर होती. तिच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतला होता आणि तेव्हापासून आठजणांशी तिचा काही संबंध राहिला नव्हता. ती आमच्याबरोबर तशीच निघाली. तिनं पोटाला नळी लावली, इकडे लावली, तिकडे लावली. मग तिनं सासूला काहीच न विचारता आत्याच्या नवऱ्याला सांगितलं, "गाडी जुंपा." या वेळी त्यानं गोठ्यातले बैल काढून गाडीला जुंपले.

दवाखान्यात आत्या बाळंत झाली. मुलगी होती. पुऱ्या दिवसांची, केसाळ. श्वास नव्हता. पुढचं मला आईनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. कापडात गुंडाळण्याआधी नर्सबाईनं विचारलं, कोणाला पाहायचं आहे का. सासूनं भिंतीकडे तोंड केलं. नवरा बाहेर आवारात जाऊन बसला होता. आई म्हणाली, माझ्याच्यानं डोळे उघडवले नाहीत गं. एकटी आत्या म्हणाली, "दाखवा," आणि तिनं तिला नीट पाहून घेतलं.

नर्सबाई आईला म्हणाली होती, नुसतं पडून राहण्यानं असं होतंच असं नाही, पण पाणी नाही, काही नाही, आणि कालच आणलं असतं तर... मला राग आजही येतो, आणि तो नेमका कोणावर काढावा हे आजही कळत नाही.

मुलीला शेताच्या बांधाजवळ पुरलं. बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे नाव नव्हतं. नाव नाही म्हणून कोणी तिच्याबद्दल बोलायचं नाही. बोलावंच लागलं तर 'तवाचं ते' म्हणायचे.

जग अर्थातच बुडालं नाही. दुसऱ्या सकाळी दुकानं उघडली, टांगे सुरू झाले, लोक एकमेकांना पेढे भरवू लागले. आणि मग शेजारच्या बायका आत्याच्या सासरी येऊ लागल्या. मला वाटलं, समजूत घालायला आल्या असतील. त्या हात जोडत होत्या. एकजण सासूला म्हणाली, "तुमच्या घरावर निभावलं बाई, सारं गाव वाचलं." आणि सासूनं मान डोलावली. डोळे पुसत ती म्हणाली, "आठजण आले होते ना. रिकाम्या हातानं कसे जातीन?" आत खाटेवर पडल्या पडल्या आत्या हे ऐकत होती. त्या घरातला विश्वास कमी होईल असं मला वाटलं होतं, उलट तो पक्का झाला होता. आठजणांपेक्षा मला त्या हात जोडणाऱ्या बायकांची भीती वाटली.

बाबा बातमी कळताच आले. आत्या त्यांना म्हणाली, "दादा, तू म्हनत होता आठवा नाईच हाये. नसलेल्यानंच नेली म्हन मंग." परत आल्यावर बाबांनी पुन्हा कुठेच भाषण दिलं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या पडल्या, पण वर बोट करून मला कोणी काही सांगितलं नाही.

पासष्ट साली दिवाळीच्या सुमाराला शेंडेनक्षत्र उगवू लागलं. पहाटे पूर्वेला लांबच लांब शेपूट दिसायची. नुकतीच लढाई होऊन गेली होती, त्यामुळे आता आणखी काय वाढून ठेवलंय, अशी चर्चा पुन्हा सुरू झाली. आत्याला पुन्हा दिवस गेलेले होते. सहावा सरला होता. पोटातला तो मुलगा पुढे सुखरूप झाला, हे आधीच सांगून टाकते, पण तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. भाऊबीजेला ती अमरावतीला आली तेव्हा सासूनं बजावून पाठवलं होतं, पहाटे खिडकी उघडायची नाही, शेंडेनक्षत्राची सावली पडू द्यायची नाही.

आणि बाबांनी काय करावं? ज्यांनी आयुष्यभर धूमकेतूची शेपूट म्हणजे धूळ आणि वायू असं मुलांकडून घोकून घेतलं, त्यांनी आत्या यायच्या आदल्या दिवशी तिच्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीला आतून जाड चादर लावली. थंडी येते, म्हणाले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की घरातला विज्ञानाचा माणूसही तीन वर्षांपासून घाबरलेला आहे.

भाऊबीजेच्या पहाटे आईनं बंब पेटवला आणि आत्याला आंघोळीला उठवायला मला पाठवलं. खोलीत आत्या नव्हती. चादर एका कोपऱ्यातून ओढून काढलेली होती. मी गच्चीवर धावले. आत्या शाल गुंडाळून कठड्यापाशी उभी होती, पोट पुढे, तोंड थेट पूर्वेकडे. समोर ती शेपूट अर्धं आकाश व्यापून उभी होती. मी तिच्यापर्यंत जायची हिंमत केली नाही.

मागून बाबा आले. त्यांनी तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. "खाली चाल. थंडी हाये."

"थंडी नाई दादा, तुले भेव वाटून राहिलं," ती वळलीही नाही. मग म्हणाली, "याचं नाव काय?"

बाबांनी दोन जपानी नावं सांगितली, अडखळत, कारण ती त्यांनाही वर्तमानपत्रातूनच कळली होती.

"हे तं मानसाईचे नाव वाटते."

"मानसाईचेच हायेत. धूमकेतूले, पयल्यांदा ज्यानं पायला, त्याचं सोताचं नाव देतेत. तसा नियम हाये."

खाली आईनं बंबात लाकडं सरकवल्याचा आवाज आला. पूर्वेला तांबूस होऊ लागलं होतं आणि शेपूट पुसट होत होती.

"पाहनाराचं नाव," ती म्हणाली. "मंग तिले तं फक्त मीच पायलं होतं. घरचं दुसरं कोनीच नाई पायलं."

बाबांना समजायला वेळ लागला. मला आधी समजलं.

"माहं सासरचं नाव त्याईनं देल्लेलं हाये, ते नाई देत मी तिले," आत्या म्हणाली. "माहेरचं माहं सोताचं होतं. ते देलं. आता मले त्या नावानं हाक मारू नोको, दादा."

उजाडलं तसं ती खाली उतरली, आंघोळ केली, आणि बाबांना पाटावर बसवून ओवाळलं. बाबांचे डोळे वाहत होते आणि निरांजनाचा धूर लागला असं त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर मरेपर्यंत ते तिला नुसतं 'बाई' म्हणत आले. कधी घाईत, कधी आजारपणात, जुनं नाव त्यांच्या ओठांपर्यंत यायचं आणि ते थांबायचे, कारण ते आता शेताच्या बांधाजवळच्या त्या मुलीचं होतं.